सांगितलेला रस्ता

कात्रीला कुणी "धन्य आहेस बाई" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. आणि ती राहायची त्या गल्लीत तर हे तिला उठता-बसता ऐकावं लागे.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवून आलेल्या शर्टांचे सुटलेले धागे कापायचे, काजं-बटणं तपासायची, हे काम ती वर्षानुवर्षं करत होती, आणि तिथल्या बायकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. थोडं हातातल्या कात्रीवरून, बरंचसं जिभेवरून. ती एखाद्याची नक्कल करायला लागली की शेजारची मशिनं थांबायची. मुकादम ओरडत यायचा आणि ऐकत उभा राहायचा. घराच्या गल्लीत मात्र या जिभेला काही काम नव्हतं. तिथे ती मास्तरीणबाई होती.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. लहानपणी तापात त्याचे डोळे गेले ते गेलेच. तो वेताच्या खुर्च्या विणायचा. पूर्वी अंध मुलांच्या शाळेत विणकाम शिकवायचा, तेव्हापासून मास्तर. भिजवलेला वेत चौकटीच्या भोकांतून ओढताना त्याची बोटं अशी चालायची की डोळस माणसाने बघत बसावं. गल्ली त्याच्यावर जीव टाकायची, आणि तो होताच तसा. कुणी हळहळून म्हणालं, "मास्तर, जपून हो, पडाल," तर हा म्हणायचा, "पडलो तर खुर्चीतच पडेन, चार तयार आहेत." दया दाराशी आली की तो तिला अशी हसून वाटेला लावायचा.

पण कात्रीवरची दया कुणी वाटेला लावायची? तिने नवी चप्पल घेतली तर गल्ली म्हणे, "घेऊ दे हो, तिला तरी दुसरी काय हौस आहे?" ती फळवाल्याशी चार शब्द हसून बोलली तर संध्याकाळपर्यंत ठरलेलं असे, की बिचारी पोटात दुःख ठेवून हसते. मूलबाळ नव्हतं, त्याचंही गल्लीला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटे. गल्लीची माणसं वाईट नव्हती, हीच खरी पंचाईत होती. वाईट असती तर तिने जिभेने सोलून काढली असती. चांगल्या माणसांपुढे ती मूग गिळून बसायची.

नवऱ्यावर तिचं प्रेम होतं. हे सांगायची वेळ यायला नको, पण पुढे जे झालं ते ऐकून कुणाला शंका येईल, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्या दोघांच्या संसारात एक रीत होती. कुठलाही नवा रस्ता आधी ती चालून यायची आणि मग घरी त्याला सांगायची. तो हातातली खुर्ची विणत ऐकायचा. ती सांगायची तेही कसं, तर बेकरीचा वास आला की डावीकडे. मग पायाखाली एक फरशी डुगडुगते, तिला घाबरायचं नाही. मग सायकलवाला, तो दिवसभर पंप मारतो आणि बायकोला शिव्या देतो. शिव्या मागे पडल्या की थांबायचं, तिथे चौक. मास्तर हसायचा, मध्येच विचारायचा, "उतार आहे की चढ?" आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन एकटा जाऊन यायचा. हात धरून नेलेलं त्याला आवडत नसे. तिच्या सांगण्यावर तो अर्धं शहर फिरला होता, आणि कुठे अडखळला नव्हता. या एका गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता. गल्लीतल्या कुणाला ती माहीतही नव्हती.

ते राहत होते ती इमारत पाडायची ठरली. धावाधाव करून त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या कारखान्यापासून जवळ, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या मिळवल्या. किल्ली हातात आली, पण रंग व्हायचा होता, नळ बदलायचे होते. तोवर कात्रीने कामावरून सुटल्यावर आणि रविवारी तिकडे जायचं, खोल्या घासायच्या, वस्ती पाहून ठेवायची आणि रस्ता शिकून यायचं, असं ठरलं.

पहिल्याच रविवारी ती इमारतीखालच्या किराणा दुकानात साबण घ्यायला गेली. दुकानवाली उंच स्टुलावर बसलेली, अंगाने चांगली भरलेली बाई होती. सगळ्या वस्तीची खबर ठेवणं हेही दुकानाचंच काम आहे, अशा थाटात तिने विचारलं, "वरच्या खोल्या घेतल्यात त्या तुम्हीच का? किती माणसं?"

"मी एकटीच," कात्री म्हणाली.

तिने असं काही ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून निसटले, आणि ते ऐकून तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. अजूनही सावरता आलं असतं. नाही हो, आम्ही दोघं, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात दुकानवाली स्टुलावरून पुढे वाकून म्हणाली, "सुखी आहेस गं! माझ्याकडे सात तोंडं आहेत, आणि सातही दिवसभर उघडी."

आजवर कात्रीला कुणी सुखी म्हटलं नव्हतं. तिला खुदकन हसू आलं. मग तिने त्या सात तोंडांवर काहीतरी टोला हाणला, दुकानवाली पोट धरून हसली, आणि साबणाचं राहूनच गेलं.

समोरच्या खोल्यांत एक निवृत्त नर्स राहायची. सगळे तिला नर्सकाकू म्हणत. तिच्यापर्यंत बातमी कात्रीच्या आधी जिना चढून गेली होती. "एकटीच ना? मग चहाला ये." काकूंनी पुढचं काही विचारलं नाही. बाई एकटी असेल तर का, कशी, हे विचारू नये एवढं त्यांना कळत होतं. कात्रीने चहा प्यायला आणि मुकादमाची नक्कल करून दाखवली. काकूंनी डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "बाई, तू आलीस ते फार बरं झालं." इथे कुणी तिच्या हसण्यामागे दुःख शोधत नव्हतं. ती एक मजेदार बाई होती, बस्स.

परतीच्या बसमध्ये तिचं मन तिला खायला लागलं. जिवंत, धडधाकट, दाराशी आपली वाट बघणाऱ्या माणसाला आपण एका शब्दात पुसून टाकलं. तेही कशासाठी? चार घटका हसण्यासाठी! पुढच्या खेपेला सांगून टाकायचं, तिने ठरवलं. पुढच्या खेपेला दुकानवालीने तिच्यासाठी चांगला झाडू बाजूला काढून ठेवला होता. असं कुणी प्रेमाने झाडू दिला तर तो हातात घेऊन मी खोटं बोलले होते असं कसं म्हणणार? तिने तो मुकाट्याने घेतला. त्याच्या पुढच्या खेपेला तर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता आधी का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

आणि घरी मास्तर रस्ता ऐकायला बसलेला असे.

खरा रस्ता अगदी सोपा होता. बसमधून उतरून सरळ चालत यायचं. शिंप्याचं मशीन, मग केस कापणाऱ्याचा रेडिओ, मग किराणा दुकान, त्याला लागून जिना. आंधळ्या माणसासाठी याहून बोलका रस्ता शोधून सापडला नसता. पण त्या रस्त्याने मास्तर आला, की दुकानवाली त्याला विचारणार. म्हणून कात्रीने त्याला मागची गल्ली सांगितली. छापखान्याच्या भिंतीला धरून यायचं आणि इमारतीच्या मागच्या दाराने वर चढायचं. त्या गल्लीतून ती एकदाच, भराभर चालून आली होती.

"बसमधून उतरलं की उजवीकडे भिंत लागते," ती म्हणाली. "भिंत धरून सरळ यायचं."

"मग?"

"मग भिंत संपते. तिथेच मागचं दार."

मास्तर एका स्टुलाची जाळी विणत होता. गिऱ्हाइकाचं काम आहे म्हणाला होता. त्याने हातातला वेत थांबवला. "दुकान कुठंय?"

"आहे. लांब आहे जरा."

"एवढी वस्ती मीठ कुठून आणते मग?"

"आणतात कुठून तरी. मी येता-येता आणत जाईन, तुम्हाला कशाला त्याची काळजी?"

तो हसला. "फार मुका रस्ता आहे गं. नुसती भिंतच भिंत. माणसं नाहीत का तिथं?"

"शांत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला बरंच की."

"मला कधीपासून शांतता आवडायला लागली?" असं म्हणून त्याने पुन्हा वेत ओढला. त्याने तो विषय तिथेच सोडला, कारण तिचा सांगितलेला रस्ता खोटा असेल हे त्याच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं. ती मात्र त्यानंतर भाजी चिरायला बसली आणि बराच वेळ तीच एक फोड कापत राहिली.

"या रविवारी मला घेऊन चल," काही दिवसांनी तो म्हणाला. तिने रंगाचा वास आहे, तुम्हाला खोकला होईल, असं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी जिना ओला असल्याचं सांगितलं. एकेक सबब सांगताना तिला स्वतःची किळस यायची, आणि तरी पुढची सबब तोंडात तयार असायची. जीभ चांगली चालणाऱ्या माणसाचं हेच वाईट. खोटं बोलायलाही ती अडत नाही.

सामान हलवायच्या आधीच्या रविवारी ती स्वयंपाकाच्या खोलीतली फरशी घासत होती. नर्सकाकू मदतीला आल्या होत्या, म्हणजे उलट्या बादलीवर बसून गप्पा मारत होत्या. कात्री दुकानवालीच्या नवऱ्याची नक्कल करून दाखवत होती आणि दोघी फिदीफिदी हसत होत्या. आज संध्याकाळी निघताना दोघींना सगळं सांगायचंच, असं तिने येताना बसमध्ये ठरवलं होतं. आता निघायच्या वेळेपर्यंत तरी हसून घेऊ, असा तिचा हिशेब होता.

जिन्यातून दुकानवालीचा आवाज आला. "अगं ए, आहेस का? तुझा खुर्चीवाला आलाय बघ!"

दारात दुकानवाली होती, आणि तिच्या मागे मास्तर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं स्टूल. पँट गुडघ्याखाली फाटली होती आणि नडगीवरून रक्त ओघळून मोज्यात उतरलं होतं.

"मागच्या गल्लीत पडला बिचारा," दुकानवाली धापा टाकत म्हणाली. "भिंतीजवळ फरशांचा ढीग पडलाय ना, त्यावर. कुणा मूर्खाने याला मागचा रस्ता सांगितला कोण जाणे! मी आवाज ऐकून धावले. कुणाकडे जायचंय विचारलं, तर म्हणे पहिल्या मजल्यावर नव्या बाईंकडे. म्हटलं, ती तर एकटी बाई, तिच्याकडे तुमचं काय काम? तर हा जरा गप्पच झाला. मग म्हणाला, स्टूल द्यायचंय, विणून आणलंय."

कात्रीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. हा जरा गप्पच झाला. त्या गप्प होण्यात काय झालं असेल ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाई," मास्तर म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता, फक्त तिच्यासाठी नव्हता. "स्टूल आणलंय तुमचं. जाळी अजून ओलसर आहे, वाळेपर्यंत बसू नका. स्वयंपाक करताना बसायला उंची बरोबर होईल. दिवसभर उभं राहून तुमचे पाय दुखतात ना."

ते गिऱ्हाइकाचं नव्हतंच. इतके दिवस तो तिच्यासमोर बसून तिचंच स्टूल विणत होता, आणि ती त्याच्यासमोर बसून भिंत सांगत होती.

काकूंनी त्याला बादलीवर बसवलं आणि जुन्या सवयीने जखम धुवायला घेतली. "घरी कुणी आहे का हो तुमचं?"

"आहे ना. बायको आहे."

"मग तिनं असं एकट्याला सोडलं?"

"तिला माहीत नाही. मीच न सांगता आलो." "चांगली आहे हो ती. दमते फार."

कात्रीला वाटलं, आपल्याला कुणी तरी आता इथे बडवून काढावं. तो तिची बाजू सावरत होता. रक्ताळलेला पाय दुसऱ्या बाईच्या हातात देऊन, स्वतःच्याच घरात परका होऊन, तो तिची अब्रू झाकत होता, आणि ती तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. पट्टी बांधून झाली. मास्तर उठला, भिंत चाचपत दाराकडे वळला आणि म्हणाला, "येतो बाई."

"थांबा," ती म्हणाली. "हे खुर्चीवाले नाहीत. माझा नवरा आहे हा."

दुकानवाली आधी हसली. तिला ही नवी नक्कल वाटली. मग तिने कात्रीचा चेहरा पाहिला. "अगं, पण तू तर म्हणालीस..."

"खोटं बोलले. आणि मागचा रस्ता सांगणारी मूर्खही मीच. तुमची-यांची गाठ पडू नये म्हणून सांगितला."

काकू पट्टीचं उरलेलं कापड घडी करत बसल्या. दुकानवाली म्हणाली, "दुकान उघडं टाकून आलेय," आणि खाली निघून गेली. काकूही उठल्या. जाताना त्यांनी मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला. कात्रीकडे पाहिलं नाही.

दोघंच राहिली तेव्हा मास्तर पुन्हा बादलीवर बसला. "एकटी म्हणालीस?"

"हो."

"का गं?"

ती ओल्या फरशीवरच बसली. "आपल्या गल्लीत मला कुणी माणूस समजत नाही. तुमची काठी समजतात. काठी किती चांगली, किती कामाची! मला कंटाळा आला होता हो. थोडे दिवस नुसतं कुणीतरी व्हायचं होतं." आणि मग ती रडली. रडतानाही तिला वाटत होतं, हे रडणंसुद्धा आपण त्याच्याच गळ्यात घालतोय.

तो काठीची मूठ चोळत होता. "मी एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगितलं होतं, रात्रपाळी करून आलोय, म्हणून डोळे मिटून बसलोय. तो म्हणाला, झोपा बिनधास्त, तुमचा थांबा आला की उठवतो. आख्खा रस्ता मी रात्रपाळीचा माणूस होतो. फार मजा आली." तो किंचित हसला. "जिन्यातून तुझं हसणं ऐकलं. गल्लीत कधी तसं हसत नाहीस. तेव्हा एकटी म्हणालीस, त्याचं मला काही नाही. खरंच काही नाही."

तिने डोळे पुसले. तिला वाटलं, सुटले.

"पण रस्ता खोटा का सांगितलास?" तो म्हणाला.

तिने ब्रश उचलला आणि घासलेली फरशीच पुन्हा घासायला लागली.

"तिथं शिंपी आहे. रेडिओ लागलेला असतो. दुकानात माणसं बोलत असतात. त्या बाईनं मला तिकडून आणलं तेव्हा कळलं. एवढं सगळं होतं, ते तू काढून टाकलंस आणि मला भिंत दिलीस." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती कुलूप लावून त्याच्याबरोबर खाली उतरली. जिन्याच्या तळाशी तिने कोपर पुढे केलं. त्याचा पाय दुखत होता, तरी त्याने ते धरलं नाही. तो दुकानाच्या दिशेने वळला आणि म्हणाला, "ताई, इथून बसच्या थांब्यापर्यंत रस्ता कसा आहे, जरा सांगता का?"

दुकानवालीने एकदा कात्रीकडे पाहिलं आणि सांगायला लागली. तिला मुळीच सांगता येत नव्हतं. "हे असं सरळ जायचं, मग तो शिंपी दिसतो ना, त्याच्यासमोरून असं तिकडे," असं म्हणत ती त्या आंधळ्या माणसाला हात करकरून दाखवत होती. मास्तर शांतपणे विचारत होता, "तिकडे म्हणजे सरळच ना? चढ आहे का?" कात्री शेजारी उभी राहून ऐकत होती. इतक्या वर्षांत ती जवळ असताना त्याने दुसऱ्या कुणाला रस्ता विचारला नव्हता.

तो निघाला. ती एक पाऊल मागून चालू लागली. शिंप्याच्या पुढे गटाराचं एक झाकण हलत होतं, ते दुकानवाली सांगायला विसरली होती.

"पुढे झाकण हलतंय," कात्री म्हणाली. "डावीकडून या."

मास्तर थांबला. त्याने काठी पुढे केली, झाकण चाचपून पाहिलं, डाव्या बाजूची जमीनही नीट ठोकून पाहिली, आणि मगच पाऊल टाकलं.